पंप बंद करू नये

१ जानेवारी

नवीन वर्ष, नवीन संकल्प. साइटेशन दिवसातून एकदाच बघायच्या. सकाळी, चहानंतर. आकड्यांच्या मागे धावणारे लोक मला कधीच आवडले नाहीत.

सकाळी बघितलं. मंद लहरीच्या पेपरला नऊ.

दुपारी सहज बघितलं. नऊ.

संध्याकाळीही नऊच. सुट्टी म्हटली की जगात कोणी पेपर लिहीत नाही. यावरून जगाची लायकी कळते.

४ जानेवारी

बायकोने विचारलं, साइटेशन म्हणजे नक्की काय. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आज सुचलं. सांगितलं, दुसऱ्या शास्त्रज्ञाने आपल्या पेपरात तुमच्या पेपरचा उल्लेख केला की एक साइटेशन. जेवढ्या जास्त, तेवढा माणूस मोठा. ती म्हणाली, म्हणजे नऊ जणांनी तुझं नाव घेतलं. आता खोटं कशाला बोला. सांगितलं की त्यातल्या सात वेळा मीच घेतलंय.

तिने चष्म्यावरून बघितलं. डोळ्यांची डॉक्टर आहे, बघण्याचाच धंदा. मी म्हटलं, माझा उल्लेख माझ्याइतका व्यवस्थित दुसरा कोण करणार? यावर ती काही बोलली नाही. पटलं असणार.

९ जानेवारी

नोटीस लागली. प्रोफेसरची एक जागा. मुलाखत जूनमध्ये. मी तीनदा बसलोय आणि तिन्ही वेळा कमिटीत माणसं नव्हती, खोगीरभरती होती. पुढच्या वेळी मी वयात बसत नाही. म्हणजे आता नाही तर कधीच नाही, असोसिएट म्हणून आलो आणि असोसिएट म्हणूनच जाणार.

अर्ज आम्हा दोघांचाच. मी आणि शेजारच्या लॅबमधले मिशी. मिशी म्हणजे मिशीच, बाकी सांगण्यासारखं त्यांच्यात काही नाही. दिवसभर हातात पाना, कोपरापर्यंत ग्रीस. पेपर मोजून आठ. आठही वाचले तर समजतात, म्हणजे खोली किती असेल ते बघा.

माझे एकसष्ट. चिंता नाही.

१५ जानेवारी

आज विद्यार्थिनीने डोकं उठवलं. पीएचडीचं पाचवं वर्ष, आणि शंका बालवाडीतल्या.

मुद्दा असा. आमच्या लॅबमध्ये स्टीलचं पिंप आहे. पंपाने त्यातली हवा काढायची, चिमूटभर गॅस सोडायचा, वीज द्यायची. गॅस जांभळा पेटतो. तो प्लाझ्मा. त्या प्लाझ्मात बारा वर्षांपूर्वी मी एक मंद लहर शोधून काढली. सेकंदाला चोवीस हेलकावे. माझ्याआधी कोणालाही दिसली नव्हती आणि माझ्यानंतरही कोणाला दिसलेली नाही. यालाच मौलिक संशोधन म्हणतात.

तर ही म्हणते, सर, आपला पंपसुद्धा सेकंदाला चोवीसच फेरे मारतो. मग? माझ्या आतेभावाचा आणि माझा वाढदिवस एकाच दिवशी येतो, म्हणून आम्ही एक झालो का? मग तिने टेबलावरच्या माझ्या चहाकडे बोट दाखवलं. पंपाच्या हादऱ्याने चहात बारीक वर्तुळं उठत होती. म्हणे यातही लहर आहे.

म्हटलं, चहात प्लाझ्मा नसतो. गप्प बसली.

१६ जानेवारी

गप्प बसलेली नव्हती. आज म्हणते, व्हॉल्व्ह लावून पंप दहा मिनिटं बंद करू या, आतली पोकळी तेवढी टिकते. लहर राहिली तर सर बरोबर.

राहिली तर! मी बारा वर्षं काय झोपा काढल्या?

पंपावर चिठ्ठी लावली. जाड अक्षरात. पंप बंद करू नये. खाली सही.

३ फेब्रुवारी

मी म्हणतच होतो. महिनाभरात नवाचे पंधरा.

परदेशातल्या एका मोठ्या लॅबने लेख काढलाय. प्लाझ्मातल्या मोजमापांवर, सत्तर पानांचा. त्यात माझा पेपर. सत्तर पानं वाचायला वेळ कोणाला आहे, कामं पडलीत. माझं नाव शोधलं. सापडलं, तेही पहिल्याच तक्त्यात पहिल्याच ओळीवर. शीर्षस्थानी. पान बंद केलं.

घरी सांगितलं. सासूबाईंना फार आनंद झाला. त्या फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या की जावयांचं रक्तपेढीत मोठं नाव झालं. प्लाझ्मा म्हटलं की त्यांना रक्तच आठवतं. मी त्यांना ब्रह्मांडातलं नव्व्याण्णव टक्के दृश्य वस्तुमान प्लाझ्मा असल्याचं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, बाई बाई, एवढं रक्त.

१२ फेब्रुवारी

बावीस. एक लेख निघाला की त्याच्यावरून दहा निघतात. लोक उशिरा का होईना, जागे होतात.

दिवसातून एकदाच बघण्याचा संकल्प जरा बदलला. एकदाच, पण दर तासाला.

मिशी कॉरिडॉरमध्ये भेटले. म्हणाले, अहो, तुमच्या लहरीबद्दल काय काय लिहितायत ते एकदा वाचून तरी बघा. चेहरा असा की माझ्या घरी कोणी आजारी आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. त्यांना म्हटलं, लोक माझं वाचतात, मी लोकांचं कशाला वाचू? मान हलवत गेले. जाताना दाराच्या कडीला ग्रीस लावून गेले.

५ मार्च

कॉन्फरन्स. पहिला दिवस.

माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती. रजिस्ट्रेशनच्या टेबलावरच्या मुलीने नाव वाचलं आणि दुसऱ्या मुलीला कोपराने ढोसलं. चहाच्या वेळी दोन तरुण संशोधक आले, म्हणाले तुमच्याबरोबर फोटो काढायचाय. काढला. दोघं इतके खूश की हसू आवरेना. तिसरा म्हणाला, आमच्या लॅबमध्ये गेल्या मंगळवारी तुमची लहर आली होती.

मला भरून आलं. बारा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला तरी ती दिसली. विचारलं, मग? म्हणाला, मग पंपाचे बोल्ट आवळले, गेली.

म्हणजे यांनी ती नुसती बघितली नाही, ताब्यातही आणली. माझं काम कुठल्या कुठे पोचलंय.

६ मार्च

आजची बातमी सर्वांत मोठी. लहरीला नाव पडलंय. माझं. मोठमोठ्या लॅबमध्ये म्हणे नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात माझ्या नावाची लहर ओळखायला शिकवतात. एक प्राध्यापिका स्वतः म्हणाली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, तुम्ही इथे आलात, खरंच धीराचे आहात.

धीर लागतोच. इतकी वर्षं एकट्याने उभं राहायचं म्हणजे गंमत नाही.

ज्यांच्या नावाच्या लहरी आहेत ते बहुतेक सगळे मेलेले आहेत. मी जिवंतपणी. रात्रीच्या जेवणात दोनदा गोड वाढून घेतलं.

२० मार्च

चौतीस.

बायकोला नावाचं सांगितलं. ती लेन्सच्या डब्या लावत होती. न बघताच म्हणाली, परवा एक आजोबा आले. म्हणे जिकडे बघावं तिकडे ठिपका. भिंतीवर, बायकोच्या तोंडावर, चंद्रावरसुद्धा. तीन डॉक्टर फिरून आले होते. मी त्यांचा चष्मा घेतला आणि पुसला.

म्हटलं, मग? म्हणाली, मग काही नाही, गेले घरी.

हिला माझ्या कामाची चर्चा करता येत नाही म्हणून ही पेशंटच्या गोष्टी सांगते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

११ एप्रिल

विद्यार्थिनीचा प्रबंध हातात आला. पाचवं प्रकरण उघडलं आणि कपाळात गेली. शीर्षक, पंपाच्या कंपनामुळे येणारा भासमान सिग्नल. चिठ्ठी न काढता, पंप बंद न करता बाईसाहेबांनी वेगळीच युक्ती केली. पंपाखाली रबराचे जाड तुकडे घातले. लहर निम्मी. तुकडे दुप्पट केले. लहर पाव.

चिठ्ठीत रबराबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, असं तिचं म्हणणं. ही आजकालची निष्ठा.

म्हटलं, प्रकरण काढ. नाही काढलं तर सही नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, सर, फेलोशिप ऑगस्टमध्ये संपते, हे प्रकरण काढलं तर माझ्याकडे काहीच उरत नाही. म्हटलं, माझी लहर उरते की.

रबराचे तुकडे जप्त केले. कपाटात आहेत.

१४ एप्रिल

रबर काढल्यापासून लहर एकदम ठणठणीत. काळजीच मिटली.

२ मे

एक्केचाळीस. डायरेक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुमचं नाव सध्या बाहेर फार निघतंय. म्हटलं, हो, ऐकलं. म्हणाले, त्याबाबत तुम्ही काही करणार आहात का? विचार करून म्हटलं, सत्कार वगैरे नको, साधा चहा पुरे.

त्यांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, कमिटीत बाहेरचा एक तज्ज्ञ येतोय, तुमच्या विषयातला. त्या सत्तर पानांचा लेखक.

अंगावर मूठभर मांस चढलं. तक्त्यात मला पहिली ओळ देणारा माणूस प्रत्यक्ष माझी मुलाखत घेणार. आता मिशींनी पाना खाली ठेवून घरी गेलं तरी चालेल.

१९ मे

दाराची नवीन पाटी करून घेतली. पितळी. नाव, खाली प्रोफेसर. ऐन वेळी धावपळ नको. सुतार आलाच होता दुसऱ्या कामाला, त्याच्याकडून दाराला भोकंही पाडून घेतली. नवीन पाटी लांब, म्हणून भोकंही जुन्यांच्या बाहेर वीतभर. तो म्हणाला, आत्ताच लावू का. म्हटलं नको, आपण उतावळे नाही.

पाटी ड्रॉवरमध्ये. दिवसातून एकदाच बघायची.

१० जून, सकाळी

आज मुलाखत. कोट. बायकोने कॉलर नीट केली आणि विचारलं, ते सगळे पेपर वाचलेस ना रे? म्हटलं, कुठले? म्हणाली, तुझ्याबद्दलचे.

हिच्या डोक्यात मिशींनी भरवलं की काय?

स्लाइड एकच. साइटेशनचा आलेख. बारा वर्षं सपाट, मग सरळ वर. आकडे बोलतात तिथे माणसाने बोलू नये.

१० जून, दुपारी

मुलाखत उत्तम झाली.

१० जून, संध्याकाळी

म्हणजे एकंदरीत उत्तम. एक-दोन गोष्टी.

आलेख बघून तज्ज्ञाने विचारलं, यातले किती पेपर तुम्ही वाचलेत? म्हटलं, कामाच्या व्यापात जमलं नाही. म्हणाला, मग मी थोडं वाचून दाखवतो. तीन वाक्यं वाचली. एकात लिहिलं होतं की यंत्राचा हादरा प्लाझ्माची लहर समजण्याचं हे गाजलेलं उदाहरण. दुसऱ्यात, नवशिक्यांनी ही चूक टाळावी म्हणून पेपर क्रमांक चौदा पाहावा. चौदा म्हणजे मी. तिसरं नीट ऐकू आलं नाही. पंखा मोठ्याने चालू होता.

आणि तो पहिला तक्ता. त्याचं शीर्षक, फसव्या सिग्नलचे प्रकार, असं आहे म्हणे. मी फक्त ओळ बघितली होती.

मग त्याने विचारलं, पंप बंद करून कधी बघितलं का? आवाजात खोच नव्हती, खरं म्हणजे बराच मऊ होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हटलं, आमच्याकडे पंप बंद करत नाहीत. डायरेक्टर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पार्किंग आहे, बघण्यासारखं काही नाही.

पण गाजलेलं म्हटलंय. हे विसरून चालणार नाही. न गाजलेली उदाहरणं हजारो असतात.

११ जून

सत्तेचाळीस. लोकांना चूक वाटते तर वाटू दे. साइटेशन मोजणाऱ्या मशीनला चांगलं-वाईट कळत नाही, एवढं एकच यंत्र निःपक्षपाती राहिलंय.

२७ जून

मिशी प्रोफेसर झाले.

पेपर आठ! माणूस परीक्षेत नापास होऊन शाळेचा हेडमास्तर झाल्यासारखं आहे. अभिनंदनाला गेलो. बघा, मन मोठं आहे माझं. ते पिंपाखाली झोपून काहीतरी आवळत होते. खालूनच म्हणाले, या या, जरा तो टॉर्च धरा. टॉर्च धरला. अर्धा तास धरला.

शेवटी बाहेर आले, हात पुसला आणि म्हणाले, तुम्ही स्वतःच एक पान लिहा, पंप बंद केला, लहर गेली, एवढंच. जगात कोणी लिहीत नाही असं. तुमची मान वर राहील.

म्हटलं, माझी मान वरच आहे. टॉर्च तसाच चालू ठेवून आलो. संपू दे सेल.

२८ जून

बायकोला सांगितलं. मला वाटलं, म्हणेल बघ मी सांगत होते. तिने उलट जेवताना माझ्या ताटात भात वाढला आणि हात जरा खांद्यावर ठेवला. हे जास्त वाईट. सासूबाई म्हणाल्या, रक्तपेढीत राजकारण फारच असतं.

पहिल्यांदा कोणीतरी बरोबर बोललं.

६ जुलै

विद्यार्थिनी मिशींकडे गेली. डायरेक्टरांनी कागद पाठवला, गाइड बदलला आहे. निघताना भेटायला आली. माझा कप धुऊन ठेवला होता. म्हणाली, सर, तुम्ही मला मोजायला शिकवलंत, ते खरंच चांगलं शिकवलंत. मी म्हटलं, असू दे. मग कपाट उघडून रबराचे तुकडे दिले. लागतील तिला.

लॅब मोकळी वाटते. काम जास्त होईल.

२४ जुलै

दाराचा प्रश्न. जुनी पाटी परत लावली तर दोन्ही बाजूंना भोकं दिसतात. सुताराला फोन केला. म्हणाला, लांब पाटी लावायची होती ना? म्हटलं, विचार बदलला. म्हणाला, मग लांबी भरून भोकं बुजवू का? म्हटलं, राहू दे, हवा येते.

२१ ऑगस्ट

पन्नास.

जानेवारीपासून ज्या आकड्याकडे डोळे लागले होते तो आला. पन्नासावी कोणाची, म्हणून या वेळी पेपर उघडलाच. तिचा. पहिला पेपर, मिशींबरोबर, ते पाचवं प्रकरण. वाचायला बसलो. अख्खा वाचला. शेवटी आभार. मला धन्यवाद दिलेत, पूर्ण नावाने. माझ्याबद्दल एकही वाकडा शब्द नाही. फक्त एक वाक्य, की पंप बंद ठेवून मूळ यंत्रावर मोजणी करणं शक्य झालं नाही.

चार वेळा वाचलं ते वाक्य. शक्य झालं नाही. का झालं नाही ते लिहिलेलं नाही. सांभाळून घेतलंय पोरीने.

चहा केला, प्यायलो नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

बायकोला सांगितलं, लॅबमध्ये चष्मा विसरलाय. तिने माझ्या नाकाकडे बघितलं. चष्मा नाकावर होता.

इमारतीत कोणी नाही. चहा करून टेबलावर ठेवला. प्लाझ्मा पेटवला. लहर आली, चोवीस, नेहमीची. चिठ्ठी काढली. कडा पिवळ्या झाल्यात. व्हॉल्व्ह लावला. हात पंपाच्या बटणावर ठेवून बराच वेळ उभा राहिलो. मग दाबलं.

पंप थांबला. आवाज थांबला. टेबलावरच्या चहातली वर्तुळं थांबली.

स्क्रीनवर सरळ रेघ.

वाटलं, थोड्या वेळाने येईल. खुर्ची ओढून बसलो. जांभळा प्लाझ्मा मस्त शांत जळत होता, इतका स्वच्छ मी तो कधी बघितला नव्हता. रेघ सरळच. दहा मिनिटं होत आली.

मिशी म्हणाले होते तसं एक पान लिहिता येईल. अवघड नाही. पहिलं वाक्य तर तयारच आहे. वही उघडली, पेन उघडलं.

मग पंप चालू केला. लहर परत आली. चोवीस. कोणी बघत नव्हतं म्हणून लिहितो, फार बरं वाटलं.

चिठ्ठी होती तिथे चिकटवली.